घट धरून

अंधेरी पूर्वेला सीप्झच्या कुंपणाच्या आत एक पडकं देऊळ आहे. देऊळ म्हणजे चर्च. मुंबईचे ईस्ट इंडियन आणि वसईकडचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात. संत योहान बाप्तिस्त्याच्या नावाचं हे देऊळ जेझुइट धर्मगुरूंनी १५७९ साली बांधलं. काळ्या दगडाच्या भिंती अजून उभ्या आहेत, छप्पर केव्हाच गेलंय. १८४० मध्ये गावात साथ आली, पुष्कळ माणसं दगावली, उरलेल्यांनी गाव सोडलं. देवळातल्या मूर्ती आणि सामानसुमान मरोळला नेलं आणि तिथे नवं देऊळ उभं राहिलं. जुनं तसंच रानात पडून राहिलं. १९७३ साली त्या भागात निर्यातीच्या कारखान्यांसाठी सीप्झ झालं. आधी इलेक्ट्रॉनिक्स आलं, मग ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून हिरे आणि दागिने. आज देशातून परदेशी जाणाऱ्या जडावाच्या दागिन्यांचा मोठा वाटा त्या आवारात घडतो, आणि वर्षातून एकदा, मे महिन्यात, त्याच आवारात बिनछपराच्या देवळात मिस्सा होते.

मी तिथल्या एका कारखान्यात बरीच वर्षं हिशेब लिहिले. सोन्याचे हिशेब. त्यामुळे मत्तयाच्या शुभवर्तमानातला सहावा अध्याय वाचताना माझं लक्ष नको तिथे जातं. पृथ्वीवर धन साठवू नका, असं येशू तिथे सांगतो. त्याला कसर लागते, गंज चढतो, चोर घर फोडतात. आता कसर लागते ती कपड्याला आणि गंज चढतो तो लोखंडाला. सोन्याला दोन्हीची भीती नाही. राहिले चोर, आणि चोरांचा बंदोबस्त आमच्याकडे चोख होता. कारागिरांच्या कपड्यांना खिसे नसत. सकाळी प्रत्येकाला सोनं तोलून द्यायचं, संध्याकाळी तोलून परत घ्यायचं, जाताना अंगझडती. येशूच्या इशाऱ्यातली तिन्ही कलमं आम्ही निकालात काढली होती, असं वरवर पाहता कुणालाही वाटलं असतं.

तरी सोनं कमी भरायचंच. कानस लावली की भुरका उडतो, पॉलिश करताना धूळ होते, मुशीत वितळवताना काही जातं. ह्याला घट म्हणतात. कुणी चोरलेलं नसतं, कुणाची चूक नसते, पण सकाळचं वजन संध्याकाळी भरत नाही. म्हणून कारखान्यात काहीच फेकत नाहीत. केरसुणीने गोळा केलेली झाडण, बफच्या चिंध्या, झिजलेले पॉलिश पेपर, हातमोजे, एप्रन, पायपुसणी, सगळं पिंपात साठवतात. हात धुतलेलं पाणी थेट गटारात सोडत नाहीत, टाकीत निवळू देतात. मग ते सगळं जाळून, राख गाळून, तेजाबात घालून सोनं परत काढतात. हे काम आता यंत्रावर होतं, पण धंदा जुना आहे. आपल्याकडे सोनाराच्या दुकानापुढची माती धुऊन पोट भरणाऱ्यांना झारेकरी म्हणतात. झवेरी बाजारात पहाटे गटाराच्या कडेला घमेलं घेऊन बसलेली माणसं पाहिलीत तर ती हेच करत असतात. एवढं सगळं करूनही पूर्ण वजन कधीच मिळत नाही. शेवटी वहीत एक रकाना घटीचा ठेवावाच लागतो, आणि ज्या कारखान्याच्या वहीत घट शून्य दिसते त्याच्याकडे तपासनीस आधी संशयाने बघतो.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे सोनं आणि आग हा आमच्या प्रवचनांचा फार लाडका विषय आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात विश्वासाची पारख अग्नीत तावून निघणाऱ्या सोन्यापेक्षा मोलाची म्हटली आहे. मलाखी संदेष्ट्याकडे देव रुपं गाळणाऱ्यासारखा बसलेला आहे. कुणाचा मुलगा गेला, कुणाची नोकरी गेली, कुणाला कॅन्सर निघाला, की पाळक हा दाखला देतात. देव तुम्हाला मुशीत घालतोय, मळ जाईल, बावनकशी होऊन निघाल. मुशीपाशी उभं राहिलेल्या माणसाला विचाराल तर तो सांगेल की मुशीतून सोनं शुद्ध होऊन निघतं हे खरंच आहे, आणि ते वजनाला कमी भरून निघतं हेही खरं आहे. प्रवचनात पहिलं येतं, दुसरं सहसा येत नाही.

ईयोबाचं पुस्तक घ्या. सुरुवातीला त्याच्याकडे सात हजार मेंढरं, शेवटी चौदा हजार. उंट, बैल, गाढवी, सगळं दुप्पट. मुलं आधी दहा होती, सात मुलगे, तीन मुली. ती घराखाली चिरडून मेली. शेवटी पुन्हा सात मुलगे आणि तीन मुली. दुप्पट नाहीत. पहिली दहा देवाजवळ आहेतच, म्हणून हिशेब जुळतो, असं जुने भाष्यकार समजावतात. जुळत असेल. पण हे पुस्तक ज्याने लिहिलं त्याने गुरं दुप्पट करून दाखवली आणि मुलं मात्र मोजून तेवढीच ठेवली, ह्यात मला त्याचा प्रामाणिकपणा दिसतो. एकाच्या बदल्यात दुसरं मूल मिळत नाही, हे त्याला माहीत होतं.

अंधेरीत लग्न होऊन आले तेव्हा मला गावठाणातल्या क्रूसांचं नवल वाटायचं. आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले, राहुरीकडचे, मराठी मिशनच्या परंपरेतले. आमच्या मंडळीत मूर्ती नाहीत, मेणबत्त्या बेताच्याच, आणि रस्त्यावर क्रूस तर नाहीच. इथे मरोळ, चकाला, आंबोली, सहार, तिकडे बोरिवलीला एक्सरपर्यंत, गल्लीच्या तोंडाशी किंवा वडाच्या सावलीत दगडी क्रूस उभे. काहींवर बारकाईने कोरीवकाम आहे. जवळ जाऊन पाहिलं तर शिडी दिसते, हातोडा, सांडशी, खिळे, आणि एक कोंबडा. पहिल्यांदा मला वाटलं गवंड्याने हौसेने आपली हत्यारं कोरली असतील. मग उलगडलं की ही येशूच्या मरणाची सामग्री आहे. क्रूसावरून उतरवायला शिडी, खिळे काढायला सांडशी, आणि कोंबडा पेत्रासाठी, ज्याने कोंबडा आरवण्याआधी तीनदा गुरूची ओळख नाकारली होती. भित्र्या मित्राची नोंदही दगडावर राहिलेली आहे.

ह्यातले बरेचसे क्रूस प्लेगच्या काळातले. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनी गाठीचा प्लेग ओळखला आणि काही महिन्यांत जवळजवळ निम्मी मुंबई शहर सोडून पळाली. १८९७ च्या जानेवारीत प्लेगची लस बनवणाऱ्या हाफकिनने ती आधी स्वतःला टोचून घेतली. फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा आला, त्यासोबत घरात शिरणारे शिपाई, उकरलेल्या जमिनी, रोग्यांना उचलून नेणं. शहरातून पळालेली माणसं साष्टीच्या गावांकडे आली आणि त्यांच्यामागून रोगही आला. तेव्हा अंधेरी, मरोळ, बोरिवली ही भाताच्या खाचरांची गावं होती. माणसं घरं सोडून शेतात मांडव घालून राहिली, आणि गावाच्या वेशीवर, पाणवठ्यापाशी, चव्हाट्यावर क्रूस उभे राहिले.

ह्या क्रूसांबद्दल ढोबळपणे सांगतात की प्लेग जावा म्हणून नवस केला, प्लेग गेला, क्रूस उभारला. पण तारखा पाहिल्या की मन अडतं. प्लेग काही एका वर्षात गेला नाही. तो दर हिवाळ्यात परत येत राहिला, विसाव्या शतकाची पहिली दहा-पंधरा वर्षं. म्हणजे ज्यांनी क्रूस उभारला त्यांनी त्यानंतरही माणसं पुरली असणार. नवस फळाला आला म्हणून जर हे दगड उभे असते तर पुढच्या थंडीत ते रागाने पाडले गेले असते. ते पाडले नाहीत. त्यांच्यापुढे संध्याकाळी माळ म्हणायची रीत उलट घट्ट झाली. मे महिन्यात अजूनही गावठाणातली माणसं क्रूसापाशी जमतात, कागदी पताका लावतात, पवित्र मरियेची लितानी म्हणतात आणि शेवटी उकडलेले चणे वाटतात. चणे मिळावेत म्हणून येणारी पोरं आधीही होती, आताही आहेत. लितानी कधी संपते ह्याकडे त्यांचे कान लागलेले असतात.

आमच्या शेजारच्या मावशींना मी एकदा विचारलं होतं, देवाने प्लेग थांबवला नाही तरी तुमच्या लोकांनी हे का चालू ठेवलं? मावशी उन्हाळ्याचा बॉटल मसाला भरत होत्या. बिअरच्या रिकाम्या बाटल्या धुऊन वाळवून ठेवलेल्या, त्यात नरसाळ्याने लाल मसाला ठोकून ठोकून घालायचं काम. वर न बघताच म्हणाल्या, "अगं, देवानं काय आम्हाला बॉण्ड लिहून दिलाय? मेलेल्यांना तरी कुठं सोडायचं, म्हणून तिथं जमायचं." बाटलीचं बूच दाबून त्यांनी पुढची बाटली घेतली. त्यांच्या दृष्टीने प्रश्न संपला होता.

मला तो तेवढ्याने संपला असं वाटलं नाही, कारण मी ज्या परंपरेत वाढले तिथे आम्हाला पंडिता रमाबाई दिल्या गेल्या होत्या. माझ्या आईच्या घरात रमाबाई आणि ना. वा. टिळक हे जवळच्या नातेवाइकांसारखे होते. टिळकांची गीते आम्ही उपासना संगीतातून म्हणायचो, लक्ष्मीबाईंची स्मृतिचित्रे आई हसत हसत वाचून दाखवायची. रमाबाईंच्या नावाने मात्र ती हसत नसे.

रमाबाईंचं आयुष्य हा घटीचाच रकाना आहे. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गेले, थोरली बहीण गेली. भावाबरोबर त्या देशभर पायी फिरल्या, मग भाऊ गेला. लग्न झालं, दोन वर्षांच्या आत पती बिपिन बिहारी मेधावी कॉलऱ्याने गेले. पदरात तान्ही मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला तेव्हा इथल्या समाजाने पाठ फिरवली. १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी पुण्याला हलवलं. तिथे धर्मांतराचा वाद पेटला आणि १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, अनेक मुली घरच्यांनी काढून नेल्या. मग १८९६-९७ चा दुष्काळ. स्वतः उपासमार भोगलेली ही बाई मध्य प्रांतात गेली आणि उपाशी, टाकून दिलेल्या शेकडो मुलींना घेऊन आली. पुण्यात प्लेगचे नियम आडवे आले म्हणून केडगावला, ओसाड माळावर, तंबूत त्यांना ठेवलं. १९०० च्या सुमारास तिथे जवळजवळ दोन हजार जणी राहत होत्या.

१९०७ साली त्यांनी इंग्रजीत आपली साक्ष लिहिली. त्या छोट्या पुस्तकाच्या नावातच न संपणाऱ्या ठेव्याचा उल्लेख आहे. कसला ठेवा, असा प्रश्न कुणालाही पडेल. हाती तर काही राहिलेलं नव्हतं. त्यात त्या स्पष्टपणे मान्य करतात की बाप्तिस्म्यानंतरची कितीतरी वर्षं त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. नियम, मतं, पंथांमधले वाद, हे सगळं त्यांना पाठ होतं, समाधान नव्हतं. ते पुढे आलं, आणि ते त्यांनी ठेवा म्हणून जपलं. ह्या ठेव्याने त्यांचं दुःख भरून निघालं असं त्यांनी कुठे दाखवलेलं नाही. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा गेली. कामाची वारस म्हणून जिला तयार केलं होतं ती लेक. नंतर वर्षही पुरं न होता, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. मधल्या महिन्यांत त्या काय करत होत्या? मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणायचं काम पुरं करत होत्या. कमी ऐकू येणारी, थकलेली, लेक गमावलेली बाई मुद्रितं तपासत होती. खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला कळावं म्हणून शब्द निवडत होती.

देवावर भरवसा म्हणजे गप्प बसणं, असा एक समज आमच्यात फार खोल रुजलेला आहे. तोही रमाबाईंनी मोडला होता. १८९७ मध्ये पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तात बायकांचे जे हाल होत होते, त्यांच्या आश्रमातल्या एका मुलीचं जे झालं, त्याबद्दल त्यांनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहून सरकारला जाब विचारला. परदेशातून येणाऱ्या मदतीवर चालणारी संस्था, राज्य इंग्रजांचं, आणि तरी पत्र. देवाची इच्छा म्हणून मुकाट सोसा, असं रमाबाई त्या मुलीला सांगू शकल्या असत्या. आपल्याकडचे पुष्कळ धर्मोपदेशक तेच सांगतात.

सीप्झच्या आजूबाजूच्या गावठाणांत हे मुकाट सोसायला सांगणं फार नाजूक आहे. विमानतळासाठी, औद्योगिक वसाहतींसाठी, सीप्झसाठी इथल्या कुटुंबांची भाताची शेतं गेली. ऑक्टोबरातला पहिल्या पिकाचा सण, आगेरा, अजून होतो. नव्या भाताच्या लोंब्या देवळात आणून आशीर्वाद घेतात, पण त्या लोंब्या आता बाहेरून आणाव्या लागतात. अशा माणसांना पृथ्वीवरच्या धनाचा मोह धरू नका म्हणून प्रवचन करणं मला बरं वाटत नाही. येशूने ते श्रीमंत तरुणाला सांगितलं होतं, जो ते ऐकून खिन्न होऊन निघून गेला. दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेला त्याने मोह सोड म्हटलं नाही. त्याने शिष्यांना बोलावून तिच्याकडे बघा म्हटलं. ज्याची जमीन गेली त्याला आधी मोबदला मिळू द्या, स्वर्गातल्या ठेवीचं मग बोलू.

दुसऱ्या टोकाला वेगळंच दुकान आहे. उपनगरांत हॉल भाड्याने घेऊन रविवारी सभा भरतात. ध्वनिक्षेपक, ड्रम, आणि साक्षी. कुणाला व्हिसा मिळाला, कुणाची गाठ विरघळली, कुणाचं बँकेचं कर्ज मंजूर झालं. साक्ष देणाऱ्यांबद्दल माझ्या मनात काही नाही, त्यांचा आनंद खरा असतो. पण ज्याची गाठ विरघळली नाही त्याला माईकपाशी कुणी बोलावत नाही. तो पुढच्या रविवारी मागच्या खुर्चीत बसतो, आणि त्याच्या पुढच्या रविवारी येत नाही. ह्या सभांच्या वहीत घट शून्य असते.

माऊंट मेरीच्या सप्टेंबरच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, बाळं, घरं विकतात. ज्याला जे हवं ते विकत घेऊन मरियेपुढे वाहायचं. आमच्या मंडळीतली माणसं ह्याला नाकं मुरडतात. मी मुरडत नाही. मुंबईत मेणाचं घर वाहणाऱ्या माणसाला खरोखर एक खोली हवी असते, आणि ही गंभीर प्रार्थना आहे. शिवाय तो पुढच्या वर्षीही येतो, खोली मिळाली तरी, न मिळाली तरी. माहीमच्या देवळात बुधवारचा नोव्हेना १९४८ पासून चालू आहे. तिथल्या रांगेतल्या सगळ्यांच्याच मागण्या पुऱ्या झाल्या असत्या तर रांग एवढी लांब राहिली नसती. मग ती माणसं दर बुधवारी का येतात, ह्याचं उत्तर मागणीच्या चिठ्ठीत मिळणार नाही.

ह्या सगळ्याबद्दल मला जे काही कळलं ते मुलुंडमध्ये, आमच्या चाळीच्या खोलीत. बाबा एलबीएस मार्गावरच्या एका कारखान्यात फिटर होते. कारखाना बंद पडला तेव्हा मी कॉलेजात होते. टाळेबंदी, मग मोर्चे, मग कामगार न्यायालय, मग तारखा. भांडुप-मुलुंडच्या त्या पट्ट्यात तेव्हा घराघरात हेच चाललं होतं. कंपनीची जमीन विकली गेली, तिथे उंच इमारती आल्या, आणि बाबांची ग्रॅच्युइटी त्यांना शेवटपर्यंत पुरती मिळाली नाही. आईने पाटल्या आधी गहाण टाकल्या, मग विकल्या. बाबा मंडळीत यायचे बंद झाले. रविवारी सकाळी खुर्ची दारात टाकून पेपर वाचत बसायचे, तोच पेपर, पुन्हा पुन्हा.

लोक घरी येऊन बोलत. एकाने परीक्षा म्हटलं, एकाने शिस्त म्हटलं, एका लांबच्या नातेवाइकाने तर घरात कुठलं तरी गुप्त पाप असेल, शोधा, असं सुचवलं. आईने त्याला चहा दिला आणि पुन्हा बोलावलं नाही. तेव्हाचे आमचे पाळकसाहेब वयस्कर होते, मूळचे नगरकडचेच. ते संध्याकाळी येऊन बाबांशेजारी बसत. बाबांनी वाचलेलं पान ते उचलून वाचत. पावसाबद्दल बोलत, गावच्या ज्वारीबद्दल बोलत. जाताना प्रार्थना करू का, असं विचारत. बाबा नको म्हणाले तर बरं म्हणून चपला घालत. असं पुष्कळ दिवस चाललं. एकदा बाबा करा म्हणाले. त्यांनी डोळे मिटून एवढंच म्हटलं की देवा, ह्यांचे पैसे बुडवलेत, तू बघतोयस ना. आमेन. त्यात आशीर्वाद नव्हता, उपदेश नव्हता. बाबा त्या रविवारी मंडळीत आले.

आईची एक सवय होती. भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकटीत ती दुधाचा हिशेब लिहायची, सगळ्याच घरांत लिहितात तसा. त्या वर्षांत दुधाखाली आणखी काही लिहायला लागली. तांदूळ, आणि पुढे शेजारच्या काकूंचं नाव. माझी फी, आणि मंडळीतल्या एका शिक्षकांचं नाव. रॉकेल, आणि वरच्या मजल्यावरच्या मुसलमान दर्जीचाचांचं नाव. त्याच चौकटीत गेलेलंही असायचं. पाटल्या गेल्या त्या तारखेला पाटल्या असं लिहिलेलं होतं आणि किती रुपये आले ते. तारखेला कोर्टात काय झालं तेही, बहुतेक वेळा एकच शब्द, पुढे. वर्ष संपलं की ती कालनिर्णय टाकून न देता गादीखाली ठेवायची.

तिला मी हे का लिहितेस विचारलं नाही. तिच्या मागे ती कालनिर्णयं माझ्याकडे आली. मी हिशेबाच्या धंद्यातली असल्याने चाळून पाहिली आणि थक्क झाले. आलेलं आणि गेलेलं कुठेही एकमेकांतून वजा केलेलं नाही. बेरीज नाही. तांदूळ मिळाले म्हणून पाटल्या गेल्याचं दुःख कमी झालं, असं तिने कधी मांडलं नाही, आणि पाटल्या गेल्या म्हणून तांदूळ आल्याचं विसरली नाही. दोन्ही आपापल्या तारखेला, तिच्या वळणदार अक्षरात. अशी वही आमच्या कारखान्यात चालली नसती. पण देवावरचा भरवसा कसा असतो असं मला कुणी विचारलं, तर माझ्याकडे दाखवायला तेवढीच कागदं आहेत. रमाबाईंची साक्ष मी नंतर मन लावून वाचली तेव्हा ती मला नवी वाटली नाही.

मत्तयाच्या त्या अध्यायातलं पुढचं म्हणणं असं आहे की जिथे तुमचं धन तिथे तुमचं मन. आई ते उलटं जगली असं मला वाटतं. तिचं मन ज्या माणसांत होतं, त्यांची नावं तिने चौकटीत लिहून ठेवली, आणि तेच तिचं धन झालं. ते चोराने नेलं असतं तरी त्याला विकता आलं नसतं. धर्मशास्त्राच्या दृष्टीने हे कितपत बसतं मला ठाऊक नाही. एखाद्या पाळकाने दुरुस्त केलं तर ऐकून घेईन.

आता एक विनंती, विशेषतः गावठाणांत राहणाऱ्यांना. २०१७ मध्ये अनधिकृत धार्मिक बांधकामांवर कारवाई झाली तेव्हा उपनगरांतल्या काही क्रूसांवरही बुलडोझर आला, आणि क्रूस जुना असल्याचा पुरावा दाखवा असं सांगण्यात आलं. घरोघरी धावपळ झाली, कारण जे सगळ्यांना तोंडपाठ होतं ते कागदावर कुठेच नव्हतं. रस्ते रुंद होत राहणार, इमारतींचे पुनर्विकास होत राहणार, नोटिसा पुन्हा येणार. तुमच्या घरात कुणी वयस्कर असेल तर तुमच्या गल्लीतल्या क्रूसाबद्दल त्यांना आत्ताच विचारून घ्या. कुणी उभारला, कुठल्या साली, त्या वर्षी घरातलं कोण गेलं, दगड कुठून आणला, माळ कोण म्हणायचं. दगडावरचं साल पुसट झालं असेल तर फोटो काढून ठेवा. मराठीत लिहा, तुमच्या बोलीत लिहा, वहीत लिहा, आणि एक प्रत देवळात फादरांकडे देऊन ठेवा.